आयुधपूजेचा फोटो

आमच्या शहराला आपल्या भूतकाळाचं फार प्रेम आहे. फक्त भूतकाळ पाडून झाल्यावर ते उफाळून येतं. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातली जुनी दुकानं एकेक करून जमीनदोस्त झाली, त्या जागी काचेच्या दारांची दुकानं आली, आणि शेवटची लाकडी फळी भंगारात गेल्यावर काही उत्साही मंडळींनी समिती काढली. जुन्या दुकानांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. ज्यांच्या घरी असे फोटो असतील त्यांनी ते आणून द्यावेत, त्यांना शहराच्या इतिहासात स्थान मिळेल, असं आवाहन पेपरात आलं. आमच्या घरी अशा फोटोंची एक ट्रंकच होती. आणि आत्या होती. आमचं दुकान तिने उभी हयात चालवलं होतं आणि ट्रंकेतल्या एकाही फोटोत ती नव्हती.

दुकान पेट्यांचं. म्हैसुरी पेटा म्हणजे पांढऱ्या रेशमाची, जरीच्या काठाची, बांधून तयार मिळणारी पगडी. आमचे पूर्वज इथे फौजेत शिपाई म्हणून आले आणि परत जायचं राहून गेलं. फौजेचं काम सुटल्यावर त्यांच्यातला कुणीतरी पगड्या बांधायला लागला. पूर्वी आपण लोकांची डोकी उडवायचो, मग सजवायला लागलो, असं आजोबा गिऱ्हाइकांना सांगत. यातल्या पहिल्या भागाला कसलाही पुरावा नाही. राज्यांची फेररचना झाली तेव्हा पुण्याकडच्या एका लांबच्या नातेवाइकाने काळजीने विचारलं होतं, की तुम्ही आता नक्की कुठले म्हणायचे? आजोबांनी उलट कळवलं, आम्ही लष्कर मोहल्ल्यातले.

मानकरी लोक पेटे घालून राजवाड्यात जायचे ते दिवस ओसरले, तेव्हा हा धंदा बुडणार अशी सगळ्यांची खात्री होती. पण लोकशाही आम्हाला चांगली मानवली. दरबार वर्षातून एकदा भरायचा, सत्कार मात्र रोज होऊ लागले. शाळेचं गॅदरिंग असो, कुणा साहेबाची निवृत्ती असो, नव्या बोअरवेलचं उद्घाटन असो, पाहुण्याला शाल, हार, फळांची टोपली आणि पेटा लागायचाच. ज्या डोक्यांवर एरवी कुणी टोपीही घातली नसती अशी कितीतरी डोकी आमच्या दुकानाने शोभिवंत केली.

आमच्या म्हणजे आत्याच्या. आजोबांची नजर अधू झाली तेव्हा थोरल्या मुलाला, म्हणजे आम्ही ज्यांना कानडी रीतीने दोड्डप्पा म्हणायचो त्या मोठ्या काकांना, नजरबादच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. माझे अप्पा शाळेत मास्तर झाले होते. मधली आत्या तेवढी घरात होती. तिचं लग्न का झालं नाही याचं घरातलं ठरलेलं उत्तर, योग आला नाही, असं होतं. योग दोनदा आला होता. दोन्ही वेळा पेट्यांचा मोसम जोरात होता आणि तिच्याशिवाय दुकानाचं पान हलत नव्हतं, एवढंच.

तिचं काम पाहण्यासारखं असे. रेशमाच्या पट्टीचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचं, दुसरं हातात धरायचं, पट्टीला पीळ न पडू देता चुण्या घालत पुढे यायचं आणि लाकडी डोक्यावर एकेक वेढा बसवत जायचा. परक्या पुरुषाच्या डोक्याला हात कसा लावायचा, म्हणून मापासाठी तिने एक रीत काढली होती. ती गिऱ्हाइकाच्या हाती दोरा द्यायची, त्याने तो स्वतःच डोक्याभोवती गुंडाळून गाठ मारायची आणि काढून परत द्यायचा. मोठमोठे अधिकारी तिच्यासमोर निमूटपणे स्वतःचं डोकं मोजत बसायचे. आत्या त्या वेळी दुसरीकडे पाहत असे. मात्र गाठ सैल मारली, तर तिला न पाहताही कळायचं आणि ती पुन्हा मोजायला लावायची.

आता फोटोंचं सांगते. आमच्या गल्लीत दुकानाचा फोटो काढायचा दिवस एकच, आयुधपूजेचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानं धुऊन निघत, दाराला केळीचे खुंट लागत, उंबऱ्यावर कुंकू भरलेला कोहळा फुटे. कात्र्या, सुया, गज, लाकडी डोकी, सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहायचं आणि मग दुसऱ्या दिवसाच्या पूजेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. फोटोग्राफर त्या दिवशी गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करायचा आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद खात खात दुसऱ्या टोकाला पोचायचा. त्यामुळे आमच्या मोहल्ल्याच्या जुन्या दुकानांचे जेवढे म्हणून फोटो आहेत ते सगळे काम बंद असलेल्या दिवसाचे आहेत. दुकानाच्या पाटीवर शेवंतीचे हार इतके पडायचे, की एकाही फोटोत दुकानाचं नाव वाचता येत नाही. आणि जी माणसं वर्षभर हत्यारं चालवायची त्यांना त्या दिवशी सुट्टी असल्याने, समोर खुर्च्या मांडून बसायची ती बहुतेक वेळा ज्यांनी वर्षभरात सुईसुद्धा उचललेली नव्हती अशी मंडळी.

आमच्या फोटोत मध्यभागी खुर्चीवर दोड्डप्पा. कोट, उपरणं, हातात काठी. काठीची त्यांना गरज नव्हती, पण रिकाम्या हातांचं काय करायचं ते सुचत नसे. शेजारी आजोबा, मागे उभे अप्पा आणि दोड्डप्पांचे कचेरीतले एक स्नेही, ज्यांचा दुकानाशी संबंध दरवर्षी फोटोपुरता यायचा. पुढे जमिनीवर आम्ही मुलं, मी दातात जीभ धरून. सर्व पुरुषांच्या डोक्यावर पेटे, आणि ते पेटे त्याच दिवशी सकाळी आत्याने घरी एकेकाला पाटावर बसवून थेट डोक्यावर बांधलेले. भाऊ आणि वडील असल्याने इथे दोऱ्याची गरज नव्हती. पाहुण्या स्नेह्यांना मात्र तयार पेटा मिळे.

एका वर्षी आत्या नवी जांभळी रेशमी साडी नेसून दुकानात आली. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता. ती कुणाला काही न विचारता मागच्या रांगेत अप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मला ते फार आवडलं होतं, मी मागे वळून वळून तिच्याकडे पाहत होते आणि त्याबद्दल बोलणी खात होते. फोटोग्राफरने काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि सांगितलं, की चष्मे चकाकतात, काढून ठेवा. चष्मे ठेवायचे कुठे? दोड्डप्पांनी मान न वळवता आपला चष्मा मागे धरला. म्हणाले, "हे धर गं." तिने धरला. मग आजोबांनी दिला, मग अप्पांनी, मग त्या स्नेह्यांनी. दोड्डप्पांनी पुन्हा आठवण झाल्यासारखं पायातल्या जुन्या वहाणाही काढून दिल्या, कारण त्या फोटोत बऱ्या दिसल्या नसत्या. एवढं सगळं दोन्ही हातांत घेऊन फोटोत उभं कसं राहणार? ती रांगेतून निघाली, रस्ता ओलांडून फोटोग्राफरच्या शेजारी गेली. तिला बाजूला हो असं कुणी म्हटलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाचा अपमान करत नसे, फक्त हातात वस्तू देत. मला त्या दिवशी राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. ती जांभळी साडी तिने पुढे कुठल्याच आयुधपूजेला नेसली नाही.

समितीचं आवाहन आलं तेव्हा आत्या माझ्याकडे राहत होती. ऐंशी उलटून गेली होती, दुकान विकून बरीच वर्षं झाली होती. माझा चुलतभाऊ, म्हणजे दोड्डप्पांचा मुलगा, बँकेतून निवृत्त होऊन समाजकार्याच्या शोधात होता. त्याने ट्रंकेतला सर्वांत चांगला फोटो निवडला, समितीकडे नेऊन दिला, आणि कोण कोण आहेत तेही सांगून आला. संस्थापक म्हणून आजोबा, त्यांच्यानंतर दुकानाची धुरा वाहणारे म्हणून दोड्डप्पा. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने फोटोत जे दिसलं ते सांगितलं.

त्या संध्याकाळी आत्या अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितल्यावर तिने बऱ्याच शेंगा सोलल्या आणि मग विचारलं,

"त्यात माझं काही येतं का गं, नाव-गीव?"

मी तिच्याकडे पाहिलं तशी ती लगेच म्हणाली, "सुम्ने विचारलं."

सुम्ने म्हणजे उगीच, सहज. आमच्या घरात ज्या गोष्टीसाठी जीव तुटत असतो ती सुम्ने विचारायची पद्धत आहे. तिने आयुष्यात मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट होती, आणि ती मिळवून द्यायचीच असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या कचेरीत गेले. तिथली मुलगी फार गोड होती, लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवत होती. तेव्हाचे दुकानदार रोज किती नटूनथटून बसायचे, हल्ली कुठे राहिलंय असं, असं तिचं म्हणणं पडलं. मी कपाळाला हात लावला. फोटोला तिने मथळा दिला होता, भविष्याकडे दृष्टी लावलेले व्यापारी. ते भविष्याकडे पाहत नव्हते. चष्मे काढल्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं आणि नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. हे मी तिला समजावून सांगितलं. ती मनापासून हसली. मथळा मात्र तसाच राहिला, कारण तो पाहुण्यांच्या भाषणात गेला होता.

मग मी मुद्द्यावर आले. हे दुकान जिने चालवलं ती या फोटोत नाही, तिचं नाव खाली घाला. मुलीने सहानुभूतीने ऐकून घेतलं. एखादा फोटो असेल का त्यांचा, दुकानात काम करतानाचा? मी म्हटलं, काम करतानाचा फोटो कुणाचाच नाही, तशी पद्धतच नव्हती. मग अडचण आहे, ती म्हणाली. जे दिसतात त्यांचीच नावं द्यायची असा त्यांचा नियम होता. मी जरा आवाज चढवला तेव्हा ती कानडीत, अगदी नम्रपणे म्हणाली,

"मॅडम, फोटोत नसलेल्यांची नावं घालायला लागलो तर आम्हाला भिंत पुरणार नाही."

ती बिचारी जागेच्या अडचणीबद्दल बोलत होती.

घरी येऊन मी ट्रंक उपसली. दरवर्षीचा एक, असे फोटो. पेटे तेच, खुर्ची तीच, हार तेच, आम्ही मुलं तेवढी वाढत गेलेली. आत्या कुठेच नाही. एका फोटोत अगदी कडेला काहीतरी लुगड्यासारखं दिसलं म्हणून मी भिंग घेऊन बसले, तर ते शेजारच्या दुकानाचं लोंबणारं कापड निघालं. चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, उगाच वाद कशाला, सगळं आपल्या घरातलंच आहे ना, फार तर 'आणि कुटुंबीय' असं घालायला सांगतो. त्याचा स्वभाव खरोखर चांगला आहे. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे.

नाव येणार नाही हे आत्याला सांगणं भाग होतं. मी नियम वगैरे सांगत राहिले. तिने मला मध्येच थांबवलं. "बिडु गं," म्हणाली. सोड. नंतर कॉफी केली ती तिने घेतली नाही, निवून साय धरली तरी तशीच समोर ठेवून बसली. मी आत जाऊन रडले. पण प्रदर्शनाला यायचं मात्र तिने नक्की केलं. एवढे पैसे घालून लोकांनी आपलं दुकान भिंतीवर लावलंय, बघायला नको?

उद्घाटनाला हॉल भरला होता. आमचा फोटो माणसाएवढा करून अगदी मंचाच्या मागेच लावलेला, कारण त्यात पेटे होते आणि पेटे म्हणजे म्हैसूरची शान, असं निवेदक पुन्हा पुन्हा सांगत होता. आत्या काठी टेकत फोटोजवळ गेली. मला वाटलं तिला भरून येईल. तिने आधी सगळ्यांचे पेटे पाहून घेतले, मग म्हणाली, "अण्णा किती बारीक होता रे तेव्हा." अण्णा म्हणजे दोड्डप्पा. चुलतभाऊ वडिलांच्या खुर्चीशेजारी उभा राहून मोबाइलवर फोटो काढून घेत होता, तो खूश झाला. खाली नावांची ओळ होती. आत्याने ती मला वाचायला सांगितली, मी वाचली, शेवटी 'आणि कुटुंबीय' होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

मुख्य पाहुणे बडी असामी होते आणि डोकंही त्यांचं पदाला साजेसं होतं. भाषणं झाली, भविष्याकडे लागलेल्या दृष्टीला टाळ्या पडल्या. मग सत्कार. शाल पांघरून झाली, हार झाला, फळांची टोपली हातात आली. शेवटी अध्यक्षांनी पेटा उचलला. तो बाजारातला, पुठ्ठ्याच्या टोपीवर चकचकीत कापड गोंदाने चिकटवलेला, सगळ्यांना एकाच मापाचा. अध्यक्षांनी तो पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवला, तो वरच राहिला. दाबला, तर तिरका झाला. हात काढला, तर मागे सरकून पडू लागला. पाहुणे मान ताठ ठेवून हसत होते, अध्यक्ष मागून एका बोटाने पेटा धरून होते, आणि निवेदक आमच्या दुकानाच्या उज्ज्वल परंपरेबद्दल बोलतच होता. लोक तोंडावर रुमाल धरू लागले.

मी शेजारी पाहिलं तर आत्याची खुर्ची रिकामी. ती मंचाच्या पायऱ्या चढत होती. स्वयंसेवकाला वाटलं, आजींना स्वच्छतागृहात जायचंय, त्याने तिला दुसरा रस्ता दाखवला. तिने त्याला काठीने बाजूला केलं. पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कूत्कोळ्ळि." बसा. एवढा मोठा माणूस, पण बसला. कचेऱ्यांमधले साहेब तिच्यासमोर जसे मुकाट्याने बसायचे, तसाच.

तिने पेटा काढला, कापडाची कड नखाने उचकटली आणि एका ओढीत सगळी पट्टी सोडवून पुठ्ठा अध्यक्षांच्या हातात दिला. अध्यक्ष तो धरून उभे राहिले. तिने पट्टीचं एक टोक माझ्या चुलतभावाला धरायला लावलं, तो आपसूक पुढे आला होता. मग एक क्षण थांबली. ती का थांबली ते त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं असेल. इथे दोरा नव्हता आणि दोन पिढ्यांच्या गिऱ्हाइकांत एकाच्याही डोक्याला तिने हात लावला नव्हता. मग तिने पाहुण्यांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि बांधायला सुरुवात केली. कापड हलकं होतं, तिला ते आवडत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण वेढ्यावर वेढा बसत गेला, चुण्या बरोबर पडल्या, आणि शेवटचं टोक खोचून ती मागे सरकली तेव्हा त्या माणसाला खरोखरच शोभा आली होती. टाळ्या थांबेनात. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखत होते. निवेदकाने तिला नाव विचारलं, तिने सांगितलंही, पण माइक तेव्हा पाहुण्यांच्या तोंडापुढे होता.

परत येताना रिक्षात ती फक्त कापडाला नावं ठेवत होती. मी मात्र हवेत होते. उद्याच्या पेपरात ती येणार, आता कुणाच्या नियमाची गरज नाही, असं मला वाटत होतं.

सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर खाली, चांगला मोठा रंगीत फोटो. पाहुणे प्रसन्न हसताहेत. डोक्यावर डौलदार पेटा. आणि पेट्याच्या दोन्ही बाजूंना दोन हात, मनगटापर्यंत. त्यापुढचं कापलेलं. खाली पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, समितीचं नाव.

पेपरच्या कचेरीत फोन करते, चांगलं फैलावर घेते, असं म्हणत मी चष्मा शोधायला लागले. आत्याने पेपर माझ्या हातातून काढून घेतला, खिडकीपाशी नेला, भिंग लावून पाहत राहिली.

"माझेच आहेत," ती म्हणाली. "किती स्वच्छ आलेत, बघ."

मी फोन केला नाही. तो पेपर तिने घडी करून उशीखाली ठेवला, आणि पुढे जितकी वर्षं ती होती, तितकी तो तिथेच राहिला. दूधवाली आली, शेजारच्या बाई आल्या, माझी नातवंडं सुट्टीला आली, कुणीही आलं की ती तो उघडायची. मोठ्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो झाकायची. मग आपला उजवा हात, सुरकुतलेला, करंगळी सांध्यात वाकडी झालेली, फोटोतल्या हाताला लावून ठेवायची, आणि समोरचा माणूस दोन्ही नीट पाहून "हो, तुमचाच" असं म्हणेपर्यंत उचलायची नाही.